पात्याचे पाणी

आमच्या वडिलांचा रंधा आम्ही स्वतःच्या हाताने जाळला, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. साल १९८८. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. जुने कौलारू घर पाडून आम्ही स्लॅबचे घर बांधले होते आणि वडिलांची हत्यारे न्हाणीघरामागच्या पडवीत एका गोणपाटाखाली पडून होती. करवती, पटाश्या, गिरमिटे भंगारवाल्याने तोलून नेली. रंधा मात्र राहिला. पावसाळी हवेने त्याची पाचर फुगून अशी घट्ट बसली होती की आतले पाते काही केल्या निघेना, आणि नुसत्या लाकडाला भंगारवाला पैसा देईना. जुलैतल्या एका पहाटे सरपण ओले, चुलाणावरचे पाणी तापेना आणि आमची चर्चगेटची गाडी चुकायची वेळ झालेली. हाताला लागला तो रंधा आम्ही चुलाणात सारला. वर्षानुवर्षे तेल प्यालेले ते लाकूड, काय सुंदर जळले! पाणी कढत झाले, आम्ही अंघोळ उरकली आणि गाडी गाठली.

वडील वसईतल्या आमच्या गावचे सुतार. दारे-खिडक्या, खाटा, चर्चमधली बाके हे त्यांचे नित्याचे काम. पण गाव त्यांना मानी ते पेट्यांसाठी. त्या काळी कोणी वारले की शवपेटी रातोरात तयार व्हावी लागे. आंब्याच्या फळ्या, कंदिलाचा उजेड आणि रंध्याचा तो लांब, कोरडा आवाज. आम्ही मुले अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत असू. रंधा थांबला की खिळ्यांचे ठोके सुरू होत. शेजारपाजारच्यांनाही तो आवाज ओळखू येई. चर्चची घंटा वाजण्याआधीच त्यांना कळलेले असे की गावातले कोणीतरी गेले. लहान मुलाच्या पेटीची मजुरी वडिलांनी कधी घेतली नाही. उलट ती पेटी ते इतर पेट्यांपेक्षा अधिक वेळ रंधीत. आतल्या बाजूनेसुद्धा.

अशा माणसाचा मुलगा मुंबईत कारकून झाला याचा वडिलांना अभिमानच होता. त्यांनी आम्हांला कधी हत्यार हाती धरायला लावले नाही आणि आम्हीही कधी मागितले नाही.

२००९ साली आई गेली. तिची ट्रंक उघडली तेव्हा लग्नातल्या लुगड्याखाली, खोबरेल तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेले एक लोखंडी पाते सापडले. दोन इंच रुंद, काळे पडलेले. चुलाणाच्या राखेतून ते तिने उचलले असणार, घासले असणार आणि एकवीस वर्षे अधूनमधून तेल बदलीत जपले असणार. कारण फडके अजून ओलसर होते आणि पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता. एवढ्या वर्षांत ती आम्हांला एका शब्दाने बोलली नव्हती.

त्या पात्याला नवे घर द्यावे असे आमच्या मनाने तेव्हाच घेतले, पण हात वळायला निवृत्ती यावी लागली. २०१६ च्या पावसाळ्यात मागच्या पडवीत एक जुने टेबल मांडून आम्ही कामाला बसलो. माळ्यावर वडिलांच्या वेळचा शिसवाचा एक ठोकळा होता. वडील रंधा करीत तो अखंड लाकडात पटाशीने खोबण कोरून. हे काम आमच्यासारख्या नवशिक्याच्या आटोक्यातले नव्हे. आम्ही जेम्स क्रेनोव्ह यांची पद्धत पत्करली. हे गृहस्थ सायबेरियात १९२० साली जन्मले, स्वीडनमध्ये सुतारकाम शिकले आणि १९८१ पासून कॅलिफोर्नियात ते शिकवू लागले. त्यांची युक्ती सोपी आहे. ठोकळा उभा चिरून दोन्ही बाजूंच्या पातळ फळ्या वेगळ्या काढायच्या. मधला भाग ४५ अंशांत तिरका कापायचा, त्या उतारावर पाते टेकते. पुढच्या तुकड्यालाही उतार द्यायचा, म्हणजे निघालेल्या सालपटांना वर यायला वाट मिळते. मग चारही तुकडे पुन्हा सरसाने जोडायचे, मध्ये एक आडवी दांडी घालायची आणि त्या दांडीखाली पाचर ठोकून पाते आवळायचे. कोरायचे ते सगळे कापण्यावर भागते. वडिलांनी पाहिले असते तर ते हसले असते, असे तेव्हा वाटत होते.

एक गोष्ट त्या पद्धतीत आम्हांला फार आवडली. रंध्याचा तळ काचेवर पसरलेल्या पॉलिशकागदावर घासून सपाट करायचा, पण तो पाचर ठोकून, पाते जरा मागे ओढून ठेवूनच. पाचरेच्या ताणाने लाकूड किंचित वाकते; तेव्हा सपाट करायचा तो ताणाखालचा तळ, मोकळा नव्हे.

रंधा तयार झाला. पाते सहाणेवर धार लावून बसवले, आंब्याच्या फळीवर रंधा चालवला. पहिले सालपट निघाले, दुसरे निघाले, तिसऱ्याला रंधा घसरू लागला. पाहतो तो धार दुमडलेली! पुन्हा लावली, पुन्हा दुमडली. शेवटी पाते घेऊन एका जुन्या लोहाराकडे गेलो. त्याने त्यावर कानस एकदाच फिरवली. कठीण पोलादावर कानस घसरते. इथे ती लोण्यात शिरावी तशी शिरली.

"याचं पाणी उतरलंय, साहेब. आगीत पडलं होतं का?"

"पडलं होतं," आम्ही म्हणालो. 'टाकलं होतं' हे काही तोंडातून निघाले नाही.

पोलाद तापवून एकदम थंड केले की कठीण होते आणि तेच तापवून आपोआप निवू दिले की मऊ पडते. चुलाणाच्या राखेत ते रात्रीपर्यंत सावकाश निवले असणार. पुन्हा पाणी द्यायचे तर आधी लाल करायचे. किती लाल, याला लोहाराची साधी खूण होती: लोहचुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडा भाता मारायचा. (सुमारे ७७० अंशांवर पोलाद चुंबकाला दाद देईनासे होते, हे आम्ही मागाहून वाचले.) मग चिमट्यात धरलेले ते पाते त्याने कोमट गोडेतेलात सरळ खाली सोडले. आता कानस घसरली. पण अशा अवस्थेत पोलाद काचेसारखे ठिसूळ असते, टवका उडतो. ते जरा नरमवण्यासाठी सुमारे २०० अंशांची धग तासभर द्यावी लागते. लोहार ते अंदाजाने निखाऱ्यांवर करी. आम्हांला मात्र घरातला ओव्हन आठवला, ज्यात आमची सौभाग्यवती नाताळचा केक भाजते.

"माझ्या ओव्हनमध्ये लोखंड?" ती म्हणाली. तेव्हा तिला ती चुलाणाची गोष्ट सांगणे भाग पडले. आयुष्यात प्रथमच कोणाला सांगत होतो.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "आईंनी मला केव्हाच सांगितलं होतं." आणि तिने ओव्हनचे दार उघडले.

तासाभराने पाते बाहेर आले ते वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग घेऊन. धार लावताना त्यावर एक बारीक रेघ दिसू लागली. मागल्या अंगाला मऊ लोखंड, पुढे जेमतेम जाडीचा पोलादाचा थर, असे दोन धातू भट्टीत एकजीव केलेले. शेफील्डच्या जुन्या कारागिरांची ही रीत. महाग पोलाद वाचे आणि पाते सहाणेवर लवकर घासले जाई. वरच्या बाजूला त्या शहराच्या नावाची अर्धी अक्षरेही अजून वाचता येतात.

रंधा आता खरोखर चालू लागला. दिवाळीपर्यंत आम्ही दिसेल ती फळी गुळगुळीत करीत सुटलो होतो. डिसेंबरात एका सकाळी पाते हलेना. मागून हातोडीचा ठोका द्यावा तर ते मागे सरेना, पुढूनही ढळेना. आणि बाजूची एक फळी जोडावर उकलली होती. कारण कळायला दोन दिवस लागले. जुलैच्या दमट हवेत फुगलेल्या लाकडात आम्ही पात्याच्या मापाची अगदी नेमकी जागा ठेवली होती आणि त्या नेमकेपणावर खूषही होतो. थंडीत लाकूड सुकले, रुंदीत आकसले. पाते तेवढेच राहिले.

मग वडिलांचे एक वाक्य आठवले. कोणाच्या तरी खिडकीला कोयंडा बसवताना ते म्हणाले होते, "लाकूड वाढतं, लाकूड कमी होतं. लोखंडाला ते ठाऊक नसतं. म्हणून थोडी जागा ठेवावी, नाहीतर भांडण होतं." आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि पुस्तकात डोके खुपसून बसलो होतो. ऐकले होते खरे.

दुसरा रंधा आम्ही २०१७ च्या जानेवारीत उरलेल्या शिसवातून केला. पात्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा दोरा जागा सोडली. संत योसेफच्या सणाला, १९ मार्चला, वडील हत्याराला हात लावीत नसत. आम्हीही त्या दिवशी लावला नाही. सणानंतरच्या एका रात्री झोप येईना म्हणून पडवीत दिवा लावला आणि नातीच्या अभ्यासाच्या टेबलाची फळी रंधायला घेतली. शिसवाचा तो ठोकळा आंब्यावर लांब, कोरडा आवाज करीत होता. सालपटे पायांवर पडत होती. किती वेळ गेला कळले नाही.

सकाळी फाटकाशी शेजारच्या म्हाताऱ्या मावशी उभ्या होत्या. नव्वदी उलटलेली, डोक्यावर पदर, हातात जपमाळ.

"बाबा, रात्री कोण गेलं रे गावात?" त्यांनी विचारले.