पेंटहाउस म्हणजे पडवी

पेंटहाउस हा शब्द आपल्याकडे बिल्डरांच्या जाहिरातींतून आला. सगळ्यात वरचा मजला, सगळ्यात महाग घर, एवढा अर्थ आता कुणालाही कळतो. मूळ मात्र गमतीचं आहे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत गेला तेव्हा त्याचा अर्थ होता, मुख्य भिंतीला टेकवून उतरतं छप्पर टाकलेली जागा. म्हणजे आपली पडवी. शेळ्या बांधायची, सरपण रचायची, आलेल्या-गेलेल्याला बसवायची पडवी. शहरांत उंच इमारती झाल्या तरी लिफ्ट येईपर्यंत वरचे मजले नोकरांचे आणि गरीब भाडेकरूंचे असत, कारण जिने चढायला कोणा श्रीमंताचे पाय मोकळे? लिफ्ट आली आणि भाव उलटा झाला. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या गच्च्यांवर पैसेवाले राहायला गेले आणि पडवीची हवेली झाली. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने मला शब्दाच्या मागे लागायची खोड आहे, म्हणून एवढं सांगितलं.

तर 2025 च्या जुलैत अशा एका पडवीत मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी, दोन रात्री राहिलो. गोव्यात, अगदी समुद्राला लागून. माझा पुतण्या तिथल्या रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंगला आहे. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा कर्मचाऱ्याच्या घरच्यांना नाममात्र दरात राहता येतं. आमच्या नावावर साधी खोली होती, पण वरचा सूट रिकामा होता म्हणून त्याच्या साहेबांनी तोच दिला. सीझनचा एका रात्रीचा दर ऐकून अम्मींनी हिशेब मांडला, दोन रात्रींत घोडेगावच्या बाजारातून दुभती म्हैस येते. वर अठरा टक्के जीएसटी. म्हशीला तो नाही.

आम्ही शनिशिंगणापूरचे. हे सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, खरंच घरांना दारं नसतात का? नसतात. चौकट असते, पडदा असतो, रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून फळी टेकवून ठेवतात. गावाची कथा अशी की पानसनाल्याच्या पुरात शिळा वाहत आली, गुराख्याने काठी टोचली तर रक्त आलं, मग देवाने स्वप्नात सांगितलं की मला छप्पर नको, आणि तुमच्या घरांची राखण मी करीन. शिळा आजही उघड्या चौथऱ्यावर आहे. 2011 मध्ये युको बँकेने गावात शाखा काढली तेव्हा दिसेल असं कुलूप न लावता काचेचं दार बसवलं, त्याची देशभर बातमी झाली. पोलीस ठाणं आलं ते थेट 2015 मध्ये. त्याआधी 2010 मध्ये एका यात्रेकरूने गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार केली होती, म्हणजे सगळं अगदी दंतकथेसारखं नाही. आणि बिनदाराचं गाव बघायला आलेले लोक स्वतःची गाडी दोनदा बटण दाबून बंद झाली ना, हे बघूनच दर्शनाला जातात.

मी नगरच्या मुकुंदनगरमधून लग्न होऊन इथे आले, कडी-कोयंड्याच्या घरातून पडद्याच्या घरात. बाहेरच्यांना वाटतं बिनदाराचं घर म्हणजे नुसता विश्वास. त्यात धाक आहे, सवय आहे, आणि शेजारणीचे डोळे तर आहेतच. नव्या सुनेला अशा घरात घटकाभर स्वतःची मिळत नाही. बी.एड.चा अभ्यास मी घराच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून केला, तोही कोणी ना कोणी येऊन विचारून गेल्यावर की चहा कधी टाकतेस. मात्र आत येणारा चौकटीत थांबून सलाम करतो, हाक मारतो, हे अम्मींनी पोरांच्या अंगी बाणवलं. कुरआनात सूरह नूरमध्ये सांगितलंय, दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नका, आणि परत जा म्हणाले तर परत जा. हदीसमध्ये आहे, तीनदा विचारा, उत्तर नाही आलं तर माघारी फिरा. दार असो वा नसो, नियम तोच.

सूटमध्ये जायला मी दारं मोजली. फाटक, लॉबी, लिफ्ट, मजल्यावरचं काचेचं दार, मग आमचं दार, आत पुन्हा बेडरूमचं. लिफ्ट कार्ड टेकवल्याशिवाय वर जात नव्हती. दिवेही कार्ड भिंतीतल्या खाचेत घातल्यावर लागायचे. दिवाणखान्यात दोन सोफे, आठ जणांचं जेवणाचं टेबल, न्हाणीघरात समुद्र दिसेल असा टब. गच्चीवर छोटा तलाव, त्यात पावसाचं पाणी पडत होतं. खाली लाल बावटा, कारण पावसाळ्यात समुद्रात उतरू देत नाहीत. मच्छीमारीचीही 31 जुलैपर्यंत बंदी, त्यामुळे मेन्यूवरची सुरमई शीतगृहातून आलेली.

उंचीचं म्हणाल तर हे पेंटहाउस म्हणजे पहिला मजला. गोव्यात किनाऱ्याला लागून चाळीस मजले का दिसत नाहीत, याचं कारण कायद्यात आहे. 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनाऱ्याच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरची पट्टी मोकळी ठेवायला सांगितलं. पुढे 19 फेब्रुवारी 1991 ला किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली. तिच्यात अशा भागातल्या बांधकामाला नऊ मीटर उंचीची आणि दोन मजल्यांची मर्यादा घातली. म्हणून नाव न्यूयॉर्कचं आणि उंची गावातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा कमी. माडांची शेंडी खिडकीच्या वर होती. मला ते आवडलं. कायदा कधीकधी सौंदर्यदृष्टीचंही काम करून जातो.

अस्रच्या नमाजला अम्मींनी विचारलं, किब्ला किधर? फोनवर पाहिलं तर काचेच्या भिंतीतून सरळ समुद्राकडे, थोडं उजवीकडे. मधे फक्त पाणी, पलीकडे अरबस्तान. त्या जानमाजवर बसल्या आणि तस्बीह फिरवत बराच वेळ उठल्याच नाहीत. ती जागा त्यांना आवडली, बाकी सूट नाही. कार्डाची त्यांना भीती बसली होती. बाहेर गेलं आणि दार आपोआप मिटलं तर? दोन दिवस त्या एकट्या उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. ‘‘ये कैसा घर गे, जिसमें से निकलने कू भी पूछना पडता,’’ म्हणाल्या.

मला मात्र त्या दारांचा आनंद झाला. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा दुपारी चार तास मला कोणी हाक मारली नाही. मी न्हाणीघराला आतून कडी लावली आणि नुसती बसले. ज्यांना पहिल्यापासून दार होतं, त्यांनी बिनदाराच्या गावाचं कौतुक करावं. मला थोडं दारही हवं आहे.

पहिल्या संध्याकाळी बेल वाजली. बाहेरून आवाज, ‘‘हाउसकीपिंग.’’ पुन्हा बेल, पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा वाजायच्या आत मी उघडलं, तर आमचाच पोरगा, युनिफॉर्ममध्ये, हातात टॉवेल. ट्रेनिंगमध्ये तेच शिकवतात म्हणाला, बेल द्यायची, नाव सांगायचं, थांबायचं, असं तीनदा. मी म्हटलं, हे तर तुला दादीने शिकवलेलं. तो हसला, पण आत आला नाही. अम्मींनी घरून चपात्या आणि खिमा डब्यात आणला होता. ‘‘बाहर कायकू खडा? आंदर आ, बैठ.’’ ड्युटीवर पाहुण्यांच्या खोलीत बसता येत नाही, कॅमेरा आहे, आणि ड्युटी नसताना या मजल्यावर यायचीच परवानगी नाही. त्याने टॉवेल ठेवले, डबा कार्टमध्ये खालच्या कप्प्यात ठेवला आणि निघाला. घरी हाच पोरगा पडदा सारून थेट चुलीपर्यंत येतो आणि तव्यावरची चपाती उचलतो. अम्मी उघड्या दारात हात धरून उभ्या राहिल्या, दार मिटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तो आम्हाला खाली नेत होता. पुण्याचं एक जोडपं होतं. बाईंनी मराठी ऐकून गाव विचारलं. शनिशिंगणापूर म्हटल्यावर त्या खुलल्या, दारांचं विचारलं, आम्ही तीनदा येऊन गेलो म्हणाल्या. मग त्याच्या छातीवरची पाटी वाचली आणि हळूच म्हणाल्या, ‘‘अजून आहेत का तुमच्यातले तिथे कामाला?’’ जूनमधली बातमी त्यांनी वाचलेली असणार. देवस्थानाने 167 कर्मचारी कमी केले, त्यांत 114 मुस्लिम होते. कारण गैरहजेरी आणि बेशिस्त असं देवस्थानाने सांगितलं. त्याच्या आधी मुस्लिमांना कामावरून काढा म्हणून हिंदुत्ववादी संघटनांनी मोर्चाचा इशारा दिला होता. बाईंच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, कदाचित कीवच असेल. पोरगा म्हणाला, ‘‘मॅम, तुमचा मजला आला.’’ दार उघडं धरून उभा राहिला.

नंतर मी त्याला विचारलं, वाईट वाटलं का. म्हणाला, ‘‘चाची, लिफ्ट में सात सेकंद रैते. सात सेकंद में क्या बोलता?’’

त्याची सुटी दुसऱ्या संध्याकाळी होती. अम्मींनी हट्ट धरला की पोरगा राहतो कुठे ते बघायचं. रिक्षाने तीनेक किलोमीटर आत, भातखाचरांच्या पलीकडे. वॉचमनला विचारून आत गेलो. एका खोलीत आठ पलंग, खाली-वर. भिंतीला चार्जर, दोरीवर न वाळलेले युनिफॉर्म. एक पोरगा झारखंडचा, एक मणिपूरचा, दोघे सिंधुदुर्गचे. दाराला कुलूप होतं, आठ जणांत किल्ली एकच, ती चौकटीवर ठेवलेली. हात वर करून कोणीही काढावी. अम्मी खालच्या पलंगावर मांडी घालून बसल्या, डब्यातला उरलेला खिमा कुणाला चालतो ते आधी विचारून घेतलं आणि वाटायला सुरुवात केली. मणिपूरच्या पोराने त्यांच्यासाठी चहा ठेवला. इलेक्ट्रिक केटलीवर ‘प्रॉपर्टी ऑफ’च्या पुढे रिसॉर्टचं नाव अर्धं पुसलेलं होतं. परत जायला रिक्षा मिळेना तेव्हा साडेदहा झाले होते, आणि अम्मी म्हणत होत्या, राहू या इथेच.