नार्व्याचे उभे देऊळ आणि हरवलेले देऊळ

गोमंतकात नार्वे या नावाची गावे दोन. एक दिवाडी बेटावर, दुसरे पलीकडच्या तीरावर डिचोली तालुक्यात. मधून मांडवीचे पाणी वाहते आणि फेरीबोट माणसांची ने-आण करते. गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर पूर्वी बेटावरच्या नार्व्यात होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली तेथील देवालय पाडण्यात आले, आणि भक्तांनी लिंग पाणी ओलांडून डिचोली महालात आणले. आज देव जेथे आहे ते हे दुसरे नार्वे.

आपल्या वाचकांपैकी कित्येक घराण्यांचा हा कुलस्वामी आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना नार्व्याची वाट वर्षानुवर्षे घडत नाही. मूळ स्थान मनात राहते ते देवघरातल्या तसबिरीमुळे. म्हणूनच नार्व्याचे चित्र कसे काढले जाते, हा प्रश्न आम्हांला केवळ कलावंतांचा वाटत नाही.

डिचोलीच्या बाजूचे देऊळ पाहताना प्रथम जाणवतो तो त्याचा आटोपशीरपणा. उतरती कौलारू छपरे, अष्टकोनी बैठकीवर बसवलेला बसका घुमट, युरोपीय वळणाचा सभामंडप आणि समोर दीपस्तंभ. मोगल, पाश्चात्त्य आणि देशी अशा तीन रीती येथे एका अंगणात शेजारधर्माने नांदतात. पुढील शतकात गोव्यातील देवळांना जे रूप आले, त्याच्या कित्येक खुणा येथे आधीच दिसतात. शिवछत्रपतींच्या आज्ञेने या देवालयाच्या कामास आरंभ झाल्याचे दारावरील लेख सांगतो. शक १५९०, म्हणजे इसवी सन १६६८. अलीकडे गोवा शासनाने देवळाचे जतन-संवर्धन केले आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या उपस्थितीत ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले.

आमच्या मंडळींत स्थापत्याचा एक विद्यार्थी होता. इमारतींची हुबेहूब छायाचित्रासारखी चित्रे संगणकावर तयार करणे हा आता त्या व्यवसायाचा नित्याचा भाग झाला आहे. अजून पायाही खणला नाही अशा घराचे चित्र पाहून गिऱ्हाईक पैसे भरते. पडवीत ऊन कोठवर येईल हेही त्यात दिसते. हे कसे साधते, ते त्याने आम्हांला देवळाच्या अंगणातच समजावून दिले.

प्रथम मापे. टेपाने, ड्रोनच्या छायाचित्रांनी किंवा लेसर किरणांनी इमारतीचे लक्षावधी बिंदू टिपले जातात आणि त्यांतून संगणकात तिची त्रिमिती प्रतिकृती उभी राहते. मग प्रत्येक पृष्ठभागाला त्याचा पदार्थ सांगावा लागतो : हा जांभा, हे कौल, हा चुन्याचा गिलावा. पदार्थ सांगायचा म्हणजे नुसता रंग नव्हे. जांभा सच्छिद्र असतो, पावसात भिजला की काळवंडतो, आणि उन्हात त्याच्या भोकाभोकांत सावली साठते. शेवटी येतो प्रकाश, आणि खरी कसोटी तेथेच. प्रकाश एका वस्तूवर आदळून थांबत नाही. तो उसळून शेजारच्या वस्तूवर जातो आणि पहिलीचा रंग बरोबर नेतो. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी रंगीत भिंतींची एक लहानशी पेटी घेऊन हे परस्पर-परावर्तन गणिताने चित्रात आणले. १९८६ साली जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या या सगळ्या येरझारांसाठी एक व्यापक समीकरण मांडले. आजची चित्रे त्याच वाटेने चालतात.

हे ऐकल्यावर आम्ही गोव्यातल्या चुना दिलेल्या भिंतींकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. तांबड्या मातीच्या अंगणातील पांढऱ्या भिंतीचा खालचा भाग भर उन्हात किंचित गुलाबी दिसतो. तो रंग भिंतीचा नसतो, मातीचा असतो. चित्रात तेवढी गुलाबी छटा आली नाही, तर डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण भिंत खोटी वाटते. तसेच पावसाचे. या चित्रांत बहुधा सदा सोनेरी संध्याकाळ असते. परंतु ज्या देवळाने जून ते सप्टेंबर धो धो पाऊस सोसायचा, त्याच्या छपराचा उतार कोरड्या चित्रात कसा उमगावा?

तेथून आम्ही फेरीने दिवाडीवर उतरलो आणि प्रश्नाचे रूपच पालटले. बेटावर कोटीतीर्थ ही पायऱ्यांची पुष्करिणी अजून आहे. देवळाच्या परिसरात पुढे कांदेलारिया मातेचे कपेल उभे राहिले. मूळ देवालय मात्र नाही. आमच्यातल्या ज्येष्ठ बाईंनी त्या विद्यार्थ्याला सहज विचारले, ‘‘अरे, न बांधलेल्या घरांची चित्रे करतोस, तर आमच्या देवाचे जुने देऊळ एकदा करून दे की. मुलाबाळांना दाखवीन.’’

मागणी भाबडी होती, पण तिच्यात मोठी तहान होती. तो मुलगा लगेच ‘हो’ म्हणाला नाही. ‘‘आजी, कोणते देऊळ काढू?’’ एवढेच त्याने विचारले.

त्या प्रश्नात इतिहास होता. कदंबांचे देवालय चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात उद्ध्वस्त झाले. त्याच शतकात विजयनगरचा माधवमंत्री याने ते पुन्हा उभारले. म्हणजे पोर्तुगीज काळात पडले ते हे नंतरचे देवालय. आधीचे तर निराळेच. दोहोंचाही नकाशा हाती नाही. हाती आहे ती पुष्करिणी, धारा असलेले ते लिंग, आणि सप्तकोटेश्वराचे नाव मिरवणारी कदंबांची नाणी. शिखर किती उंच होते, मंडपाला खांब किती होते, हे यांतले काहीच सांगत नाही. मग चित्रकार काय करतो? तांबडी सुर्ला येथे कदंबकाळातील महादेवाचे पाषाणमंदिर सुदैवाने वाचले आहे. त्याचे खांब, त्याचे छत उचलून दिवाडीवर ठेवतो. ऊन पाडतो, शेवाळ लावतो, पायरीवर फुले टाकतो. पाहणारा हात जोडतो. आणि तांबडी सुर्ल्याचे देऊळ सप्तकोटेश्वराचे म्हणून घरोघरी जाते.

जुन्या चित्रकाराने शाईने काही रेखाटले, तर ती रेघच सांगे की हे कोणाच्या तरी मनातले आहे. छायाचित्रासारखे चित्र ही कबुली देत नाही. त्यात मोजलेली पायरी आणि कल्पिलेले शिखर एकाच उन्हात न्हातात. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे लेसर-मापन अँड्र्यू टॅलन यांनी २०१० च्या सुमारास केले होते. १५ एप्रिल २०१९ रोजी आगीने छप्पर गेले, तेव्हा ती मापे जीर्णोद्धाराच्या कामी आली. तेथे चित्रामागे मापे होती. दिवाडीवर ती नाहीत. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटले आहे की, जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे. संगणकीय चित्रांसाठी २००६ साली लंडन सनद निघाली. तिचा आग्रह असा की, कोणता भाग पुराव्यावर उभा आहे आणि कोणता अनुमानावर, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

आम्हांला वाटते, हा दंडक परप्रांतातील आपल्यासारख्यांना विशेष लागू आहे. जवळ राहणाऱ्याला चित्राची चूक पायाखालच्या पायरीने दुरुस्त करता येते. दूरच्या मुलाला ती सोय नसते. त्याच्यापुढे जे चित्र येईल, तेच त्याचे मूळ स्थान होऊन बसते. देव मूळ जागेवरून हलला, देऊळ दोनदा पडले, तरी भक्तीत खंड पडला नाही. शिखराचे चित्र नव्हते म्हणून कोणी कुलस्वामीला विसरले नाही. मग आता घाईघाईने खोटे शिखर उभारण्याची निकड कोणाला आहे?

विद्यार्थ्याने आजींना पुढे चित्र पाठवले. त्यात पुष्करिणी पूर्ण रंगात आहे. पायऱ्या मोजून काढलेल्या, कडेच्या चिऱ्यांवर ओल. देवळाच्या ठिकाणी फिकट पेन्सिलीच्या चार रेघा आहेत आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे : ‘येथे देवालय होते. आकार अज्ञात.’ आजींनी ते देवघराच्या भिंतीवर लावले आहे. नातवंडे त्या रेघांकडे बोट दाखवून विचारतात, आणि आजी त्यांना दोन्ही नार्व्यांची हकीकत सांगतात.