धरणाने घडवलेली बेटं

जुळे सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं, तेव्हा घरातली कळशी-बादलीसुद्धा भरून ठेवली जाते. अशा ठिकाणी बसून पाण्यामुळे गाव तुटलं ही गोष्ट पटकन उमगत नाही. सोलापूरचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोयनेच्या खोऱ्यात तेवढा जुलैतल्या एखाद्या आठवड्यात पडून जातो. तिथे, सातारा जिल्ह्यात, शिवसागर जलाशयाचं पाणी आणि सह्याद्रीची मुख्य धार यांच्या चिमट्यात अकल्पे, लामज, निवळी, उचाट, वळवण, शिंदी अशी कांदाटी खोऱ्यातली गावं आहेत. तीन बाजूंना दाट जंगल, समोर पाणी. सरकारी कागदावर त्यांना ‘दुर्गम’ म्हणतात, आणि माझा आक्षेप या शब्दालाच आहे. हा शब्द वाचला की दोष डोंगराचा वाटतो, आणि मग कुणाकडे काही मागायला जागाच उरत नाही.

यावर कुणी म्हणेल की हा जावळीचा मुलूख शिवकाळापासूनच अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, तेव्हाही या रानाचा दरारा होताच. खरं आहे. पण अवघड असणं वेगळं आणि तोडलेलं असणं वेगळं. पायवाट कितीही खड्या चढाची असली तरी ती चालणाऱ्याच्या स्वाधीन असते. कोयनेच्या दोन्ही काठांची गावं उतारातून ये-जा करत होती, नदीकाठी भाताची खाचरं होती, सोयरिकी या तीरावरून त्या तीरावर होत. १९६०च्या दशकात कोयना धरणात पाणी साठू लागलं, खाचरं बुडाली आणि माणसं वर सरकली. आता पलीकडे जायचं तर होडी हवी, लाँच हवी, तिला डिझेल हवं, चालवणारा हवा, आणि यातलं एकही गावाच्या हातात नाही. उन्हाळ्यात तर आणखी वेगळीच गत होते. पाणी आटतं, काठ मागे सरकतो, आणि होडी जिथे टेकते तिथून कोरड्या जमिनीपर्यंत गुडघाभर गाळ उरतो. वरून भेगाळलेला, आतून लिबलिबीत. पाय घातला की चप्पल आत राहते. आजारी माणसाला झोळीत घालून नेणाऱ्यांना हा पट्टा आधी पार करावा लागतो, मगच पाणी लागतं. ज्या जमिनीवर एके काळी भात लावला जायचा, तीच ही जमीन.

खिरखिंडी हे जावळी तालुक्यातलं असंच एक गाव. तिथल्या मुली शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडतात आणि पुढे जंगलातून सुमारे चार किलोमीटर चालत अंधारीच्या शाळेत पोचतात, ही बातमी छापून आली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी या मुलींच्या धाडसाचं पुष्कळ कौतुक झालं. त्या कौतुकाने मी अस्वस्थ होतो. वल्हं मारून हात भरून आलेल्या मुलीला पहिल्या तासाला गणित सोडवायचं असतं; वारा सुटला तर त्या दिवशी शाळाच नसते. हे धाडस तिने निवडलेलं नाही, ते तिच्यावर येऊन पडलंय.

या गावांना सोयी देण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप खर्चाचा आहे. या गावांत माणसं किती उरली? तरुण मुंबईत, ठाण्यात, नव्या मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून. घरी म्हातारी माणसं आणि गणपतीला उघडणारी कुलपं. मूठभर लोकांसाठी लाँच, दवाखाना, शाळा कशाला? हा युक्तिवाद मला उलट्या टोकाने धरलेला वाटतो. सोयी नव्हत्या म्हणून माणसं गेली, आणि आता माणसं नाहीत म्हणून सोयी नकोत. आणि हिशेबच करायचा तर पुरा करू. कोयनेच्या प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे आणि ही वीज गेली सहा दशकं राज्याच्या कामी येते आहे. अकल्प्याच्या किंवा निवळीच्या लोकांनी त्याची किंमत एकदा जमिनीने मोजली आणि आजही रोज वेळेने मोजताहेत. शिंदी-वळवणच्या माणसाला रघुवीर घाटाने खेड जवळ पडतं, पण पावसाळ्यात दरड कोसळली की तो घाट बंद. आणि तालुक्याचं ठिकाण महाबळेश्वर, म्हणजे तलाठ्या-तहसीलदाराचं काम पाण्यापलीकडेच. या गावांना नेमाने चालणारी लाँच देणं ही थकलेली देणी चुकती करणं आहे.

मग त्यांना बाहेरच का आणू नये, असाही एक विचार आहे, आणि तो केवळ निष्ठुरांचा नाही. कोयना अभयारण्य १९८५ चं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. वाघाला मोकळं रान लागतं हे मी नाकारत नाही. ज्या गावाला मनापासून निघायचं आहे त्याला चांगली जमीन देऊन निघू द्यावं. पण पुनर्वसन म्हणजे काय याचा अनुभव आपल्या सोलापूर जिल्ह्याला आहे. उजनीचे धरणग्रस्त आपले आणि कोयनेतून उठवलेली काही कुटुंबंही इकडे आली. पाच हजार मिलिमीटर पावसात नाचणी-वरी पिकवणाऱ्या हातांना माळावरची कोरडवाहू जमीन देणं म्हणजे कागदावरची भरपाई. वन्यजीवांच्या नावाने ओढलेल्या रेषाही आपण पाहिल्या आहेत. माळढोकासाठी १९७९ मध्ये सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, जमिनीचे व्यवहार वर्षानुवर्षं अडकले, पुढे ते बाराशेच्या आसपास आणावं लागलं. आणि त्यातल्या नान्नजला माळढोक दिसणं आता दुर्मीळ. पक्षी वाचला नाही आणि शेजारचा शेतकरीही दुरावला. जंगल राखायचं तर त्यातल्या माणसाचा त्यात हिस्सा हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती वाट ठेवली आहे.

आता नवी आशा पुलांची आणि नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पाची आहे. आराखड्यात २३५ गावं आली. पूल हवाच. मात्र पुलावरून आधी काय येईल, हे झाडाणी गावाने सांगितलं आहे: तिथली शेकडो एकर जमीन बाहेरच्यांनी घेतल्याचं प्रकरण २०२४ मध्ये गाजलं. रस्ता गावापर्यंत पोचायच्या आत जमीन गावाच्या हातून गेली, तर रस्ता कुणाचा? पर्यटनाने रोजगार मिळतो, हे बामणोलीच्या बोटी दाखवतात. वासोटा किल्ल्याला जाणारे तिथूनच बसतात आणि मेट इंदवलीला उतरतात. पण मेट इंदवली गाव आता तिथे नाही. ते उठलं, आणि त्याच्या जागेवरून पाठीवर पिशव्या घेतलेले लोक किल्ल्याकडे चालत जातात. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं. तिथे जंगल उभं राहिलं आणि माणसंही राहिली. कांदाटीत हिरडा आहे, कारवी आहे, मधमाश्या आहेत. नाही ती हमी, की बाहेर पडलेला मध वेळेत बाजारात पोचेल आणि बाहेर पडलेली मुलगी संध्याकाळी घरी.

पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद होते, पर्यटकांच्या बोटी काठाला लागतात. नेमके तेच चार महिने घाट खचतो, पाणी चढतं आणि पलीकडच्या गावाला होडीवाचून दुसरा मार्ग राहत नाही. सरकारी लाँचचं वेळापत्रक जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचं असावं, आणि त्यातली पहिली फेरी शाळेच्या घंटेआधीची.