कोर्टाची पायरी

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,' ही म्हण आमच्या घरात वरचेवर ऐकू येते. पण पायरी चढायची की नाही, हे शहाण्याच्याही हाती नेहमी असतेच असे नाही. गरिबाच्या तर नसतेच. राहत्या खोलीचा वाद निघाला की जावेच लागते. आणि मग त्याची सारी भिस्त काळ्या कोटातल्या माणसावर!

माझी मावशी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगचे काम करते. खोलीच्या वादासाठी तिने वकील केला. तेव्हा आमच्या भागाचे कोर्ट ठाण्याला होते. मीरा रोडचे न्यायालय 2025 साली सुरू झाले. 'तारीख पुढे गेली' हे ऐकण्यासाठी ती दोन वर्षे खाडे करून वकिलांच्या ऑफिसात जाई आणि पैसे देऊन येई. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, म्हणून शेवटी कागदांची पिशवी माझ्यापुढे आली. तीत पैशांची एकही पावती नव्हती, दाव्याचा नंबरही नव्हता. चौकशीअंती कळले, दावा दाखलच झालेला नाही. मावशी एवढेच म्हणाली, "शिकलेले आहेत गं ते. सांगितलं ते खरं मानलं."

वस्तुतः नियम स्पष्ट आहेत. वकिलाने अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवावा, विरुद्ध पक्षाशी संबंध असल्यास तो आधीच सांगावा, निकालावर फी ठरवू नये, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे गैरवर्तनाबद्दल सनदही जाऊ शकते. परंतु ज्याला फसवणूक कळतच नाही, त्याने तक्रार करायची कशी?

याचे उत्तर मला एका जुन्या खटल्यात सापडले. मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दाराशी उभे राहून काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर अक्षरशः झडप घालीत, कागद हिसकावीत, असा आरोप होता. 1964 साली तक्रार केली ती उच्च न्यायालयाने; पक्षकारांनी नव्हे. महाराष्ट्र बार कौन्सिलच्या समितीने वकिलांना दोषी ठरविले, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने सोडून दिले. तेव्हा महाराष्ट्र बार कौन्सिल स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेली. तिला हा अधिकार आहे का, असा प्रश्न निघाला. 1975 साली न्यायालयाने तो मान्य केला. कारण व्यवसायाची नीती राखणे हेच तिचे काम. पुढे त्याच वर्षी न्या. कृष्णा अय्यर यांनी अशा गिऱ्हाइकीला व्यवसायात स्थान नाही, असे बजावले.

म्हणजे वकिलाच्या प्रामाणिकपणावर पहारा ठेवण्याचे काम अडाणी अशिलाचे नसून त्याच्या व्यवसायबंधूंचे आहे. आपल्यापैकी काही जण बी.ए.नंतर कायद्याकडे वळतील. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

मावशीचा तक्रारअर्ज मी लिहून ठेवला आहे. सही अजून झालेली नाही. "कुणाच्या पोटावर पाय कसा द्यायचा?" असे ती विचारते.