दोन दात

हेड गॅस्केट नवं घातलं, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने टॉर्क रेंचने आवळले, तरी बाबांची जुनी मारुती ८०० सुरू होईना. स्टार्टर फिरायचा, कार्ब्युरेटरमधून फट्ट आवाज यायचा, बस्स.

सांगवीतल्या आमच्या पार्किंगमध्ये दोन रविवार गेले. आठवडाभर हिंजवडीत दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो मी. इथे ठिणगी पाहिली, पेट्रोल पाहिलं, प्लगच्या वायरी १-३-२ क्रमाने आहेत ना, तेही पाहिलं. शेवटी गॅस्केटच खराब निघालं, असं ठरवून मोकळा झालो.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. तीस वर्षं भोसरीत फिटर होते. पक्षाघातानंतर उजवा हात उचलत नाही.

"अरे, हेड काढताना आणखी काय काय सोडवलंस?"

टायमिंग बेल्ट. कॅमच्या पुलीवरची खूण दोन दात मागे होती. झडपा अवेळी उघडत होत्या. डिस्ट्रिब्युटर कॅमवरच फिरतो, म्हणून ठिणगीही अवेळी. मी सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःच्या हातावर सोडून.

बेल्ट पुन्हा बसवला. इंजिन पहिल्या सेल्फला धरलं. बाबांनी डावा हात बॉनेटवर ठेवला, डोळे मिटले.

"मिसिंग नाही," म्हणाले.