एकास बारा

मराठीत एखाद्या कामासाठी खेटे घालण्याला आपण 'उंबरठे झिजवणं' म्हणतो. माझ्या आत्याच्या बाबतीत हा वाक्प्रचार चालत नाही. झिजवायला आधी उंबरठ्यापर्यंत पोचावं लागतं. जूनपासून आम्ही दोघी बेळगावात तिच्यासाठी भाड्याचं घर शोधतोय. मी आत जाऊन टेप लावते आणि ती रिक्षात बसून माझ्या ओरडण्याची वाट बघते.

आत्या बावन्न वर्षांची आहे. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबड्या घेऊन तिने एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं नोकरी केली, अजून करते. आता खांदे दुखतात म्हणून चार वर्षांपासून व्हीलचेअर. आजी गेली आणि शहापुरातलं जुनं घर विकायचं ठरलं. घर पाच भावंडांचं होतं, त्यामुळे त्यात कुणाला बोल लावता येत नाही. आत्याच्या वाट्याला पैसे आले, पण त्यात फ्लॅट येत नाही.

नाही असं तोंडावर कुणी म्हणत नाही, ही मला सगळ्यात त्रासाची गोष्ट वाटते. सगळे चहा विचारतात. मग कुणी म्हणतं, "एकट्याच राहणार? रात्री काय झालं तर?" कुणाला नव्या फरशीवर चाकांचे ओरखडे पडतील अशी भीती. अनगोळातल्या एका बाई तर डोळ्यात पाणी आणून म्हणाल्या, "आमच्या सासूबाई पण शेवटी अशाच होत्या हो, म्हणूनच नको." काय उत्तर देणार? आत्तापर्यंत अकरा घरं बघितली. त्यातल्या तीन घरमालकांचे पुतणे दुसऱ्याच दिवशी अचानक पुण्याहून कायमचे परत आले.

आणि जे मनापासून हो म्हणतात त्यांची घरं नाही म्हणतात. पुढचं दार तीन फुटांचं असतं, पाहुण्यांसाठी. बाथरूमचं दार मात्र चौकट धरून अडीच फूट, त्यात पाणी बाहेर येऊ नये म्हणून दोन इंचांचा कट्टा. आत्याची खुर्ची सव्वादोन फूट रुंद. कड्यावर बोटं धरून ढकलायची तर बोटांनाही जागा पाहिजे. घर म्हणजे हॉल-किचन-बेडरूम असं आपण समजतो. तिच्यासाठी घर बाथरूमच्या दाराशी ठरतं.

मधल्या काळात घरात दुसरा विचार पुढे आला. एका काकांनी सुचवलं, सिस्टरांच्या होममध्ये ठेवू, तिथे जेवण, औषधं, मिस्सा सगळं वेळेवर. सूचना प्रेमानेच होती. आत्या म्हणाली, "मला घर पाहिजे, होम नको. साडेदहाला भूक लागली तर साडेदहाला अंडं फोडणार मी." काका गप्प बसले. मग मीच मोबाईलवर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा उघडला. २०१६ चा कायदा, २०१७ च्या एप्रिलपासून लागू. त्याचं पाचवं कलम जवळजवळ आत्याचंच बोलणं सरकारी भाषेत सांगतं: दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि ठरावीक ठिकाणीच राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करायचा आहे. त्यातलं अंडं तेवढं गाळलेलं आहे.

पुढे वाचत गेले तसा माझा उत्साह जरा उतरला. सदतिसाव्या कलमात सरकारी योजनांतल्या घरांत पाच टक्के राखीव जागा आहेत, त्यातही स्त्रियांना प्राधान्य. चांगलंच आहे. पण भाड्याच्या खाजगी घराबद्दल, मालकाने काय करू द्यावं याबद्दल, वेगळं कलम नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या घरांविषयीच्या कायद्यात १९८८ साली अपंगत्वाची भर पडली. तिथे भाडेकरू स्वतःच्या खर्चाने वाजवी बदल करणार असेल, तर मालकाला तो अडवता येत नाही. मालकाने खर्च करायचा नाही, फक्त अडवायचं नाही. आमचंही मागणं एवढंच आहे. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, राजीव रतुरी यांच्या खटल्यात, सुगम्यतेचा नियम नुसत्या शिफारशीसारखा ठेवणं कायद्याला धरून नाही असं म्हटलं आणि किमान बंधनकारक नियम तीन महिन्यांत करायला सांगितलं. ते वाचून मी टाळी वाजवली. मग 'सार्वजनिक इमारत' या शब्दाची व्याख्या पाहिली. त्यात शाळा आहे, दवाखाना आहे, रेल्वे स्टेशन आहे, प्रार्थनास्थळसुद्धा आहे. माणूस रात्री जिथे झोपतो ती जागा नाही.

पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं, ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. प्रवचनात त्या चौघांच्या श्रद्धेचं कौतुक असतं. आत्या मला हळूच विचारते, "दारातल्या गर्दीनं जरा सरकायचं होतं की नाही?"

आता बारावं घर. हिंदवाडीत, तळमजला. मालक निवृत्त मास्तर. बाथरूमचं दार काढून रुंद करायला ते तयार आहेत, खर्च आमचा, सोडताना पूर्ववत करायचं. दारापुढे सात-सात इंचांच्या दोन पायऱ्या आहेत, तिथे उतरता रस्ता करायचा. गवंडीमामांनी सरळ फळी टाकायचं सुचवलं, "ढकलणारा दमदार पाहिजे, बस." पण आत्याला ढकलणारा नकोच आहे. रॅम्पचं सरकारी प्रमाण एकास बारा. म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. चौदा इंचांना चौदा फूट. फाटकापासून ओट्यापर्यंत जागा नऊच फूट. मी वहीच्या मागच्या पानावर, जिथे सेमिस्टरच्या कवितांच्या नोट्स आहेत, तिथे आकृती काढली: फाटकातून चार फूट चढ, वळणावर पाच बाय पाच सपाट जागा, मग भिंतीच्या कडेने दहा फूट. मामांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "बसतंय."

बसतंय, पण भिंतीच्या कडेला मास्तरांच्या पत्नीने लावलेला जाईचा वेल आहे. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. मास्तर नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, वेल तोडायचा असेल तर हे घर नको. मामा म्हणतात, मुळापाशी दीड फूट चौकोन मोकळा सोडला तर वेल राहतो, फक्त रॅम्प थोडा अंगणाकडे सरकवावा लागेल. रविवारी दुपारी मास्तर, मामा आणि आम्ही दोघी तिथे पुन्हा टेप लावणार आहोत. या वेळी आत्या रिक्षात बसणार नाही. फाटकाला पायरी नाही, ती अंगणापर्यंत येऊ शकते.