तिखट कानांचा बहिरा

ज्या गांवांत अल्लादियाखांसाहेबांनीं शाहू महाराजांच्या आश्रयानें आपली गायकी फुलविली, त्या कोल्हापुराला ऐकण्याबद्दल नवें तें काय सांगावें! तथापि आमच्या सात वर्षांच्या भाच्यानें आम्हांस जें शिकविलें तें कोणत्याहि बैठकींत मिळालें नव्हतें.

नांवानें कितीहि हांका मारा, त्याची मान वळत नाहीं. शेजारणी त्याला बहिरा म्हणून मोकळ्या झाल्या. पण दोन घरें पलीकडच्या कुकरची शिटी होण्याच्या आंतच याचे हात कानांवर गेलेले असतात. डॉक्टर या अवस्थेस स्वमग्नता म्हणतात. नांव आम्हांस तितकेंसें रुचत नाहीं. स्वतःतच मग्न असणाऱ्याला बाहेरचें जग इतकें टोंचतें ना.

1943 सालीं लिओ कॅनर यांनीं अमेरिकेंत अशा 11 मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतल्या कांहींना धूळ ओढणारें यंत्र, लिफ्ट, फार काय, वाराहि भिववी. मात्र स्वतः तेवढाच गलका करण्यांत त्यांना आनंद वाटे. (परातीवर पळी बडविणारा आमचा भाचा डोळ्यांपुढें आला!) म्हणजे जाच आवाजाच्या मोठेपणाचा नव्हे, त्याच्या अवचित घुसण्याचा.

कान ध्वनि पोंचवितो. ऐकतो तो मेंदू. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयांत टिमथी रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेंदूंतील विद्युत्प्रवाहांचें सूक्ष्म चुंबकत्व मोजून 2010 सालीं दाखविलें कीं, साध्या स्वरालाहि या मुलांचा प्रतिसाद सरासरीनें 11 सहस्रांश सेकंद मागें पडतो. वाचकांस हें क्षुल्लक वाटेल. परंतु 'ब' आणि 'प' यांतला भेद सेकंदाच्या अशाच बारीक अंशांवर ठरतो. एक अक्षर उलगडतें न उलगडतें तोंच पुढचीं चार येऊन आदळतात. त्यांत पंख्याची घरघर, रिक्षाचा भोंगा आणि आईचा शब्द एकाच मापानें आंत येऊं लागले, तर हांकेला ओ मिळावी कशी? सगळ्याच मुलांचें असें होतें असें नव्हे. आमच्या भाच्याचें होतें.

आणि आमच्या गांवची ती मिरवणूक! अनंतचतुर्दशीला महाद्वार रस्त्यावर ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात. 2000 सालच्या नियमांप्रमाणें वस्तींत दिवसा 55 व रात्रीं 45 डेसिबल ही मर्यादा. छातीचीं हाडें थरथरत असतां ती मोजतो कोण? विसर्जनाच्या आदल्या दिवशींच आमची बहीण मुलाला घेऊन पन्हाळ्यास जाते. तेथें संध्याकाळीं तो अंगणांत बसून स्वतःशींच गुणगुणतो, आणि आईनें हळूच हांक मारली तर पुष्कळदां, अंमळ उशिरानें कां होईना, वळून पाहतो.